मोहाचे विजयाबाईंना खुले पत्र

प्रति,
श्रीमती विजयाबाई (पूर्वाश्रमीच्या भांग-गांजा),
मुक्काम : ऑनलाइन औषधांचे दुकान.

विषय : औषध झाल्याबद्दल अभिनंदन आणि थोडी चौकशी.

जय सेवा, बाई.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावच्या अंगाला उभा असलेला मोह. माघी पौर्णिमेला इथे गोंडांच्या कोया पुनेम धर्माची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात, दरेकसा स्टेशनावर उतरतात आणि सप्तरंगी झेंडे घेऊन गडावरच्या गुहेकडे चढतात. माझ्या सावलीला टेकलेल्या एका पोराच्या मोबाइलवर तुमची जाहिरात पाहिली. काचेची इवलीशी बाटली, वर ड्रॉपर. झोप येत नाही, घ्या. पाठ दुखते, घ्या. जीव घाबरतो, घ्या. कुत्र्यासाठी वेगळी बाटली. चिठ्ठी हवी तर वैद्य व्हिडिओवर हजर. वाचून ऊर भरून आला. त्याच यात्रेत जडीबुटी विकणारा म्हातारा हेच दावे करतो, तर लोक त्याला भोंदू म्हणतात. बिचाऱ्याकडे ड्रॉपर नाही.

तशी आपली ओळख जुनी. 1892 मध्ये मुंबई इलाक्यात माझ्या फुलांसाठी खास कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे घरात मोहफुलं ठेवण्यावर बंधनं आली. पुढच्याच वर्षी सरकारने तुमच्यासाठी काय केलं? आयोग नेमला! 1193 साक्षीदार, अहवालाचे सात खंड, आणि निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसा अपाय नाही. मला कायदा, तुम्हाला आयोग. तुमची पत्रिका वेगळी आहे हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

1985 चा अमली पदार्थांचा कायदा मात्र तुमच्यावर कडक आला, हे मान्य. वीस किलोंपेक्षा जास्त गांजा सापडला तर किमान दहा वर्षं आत. पण तिथेही कुणीतरी मागचं दार उघडं ठेवलंच. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. शेंड्याशिवायची पानं आणि बिया म्हणजे गांजा नव्हे. त्या पानांवरच तुमच्या आयुष परवान्याचा संसार उभा राहिला. औषध नियमांच्या ‘ई-1’ परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत, तुमचं नाव अजून आहे. तरी बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ एवढं छापलं की भागतं. एकाच झाडाला वर तुरुंग, खाली दवाखाना! माझ्या फुलाला ही हुशारी नाही. ते भाकरीत घाला, लाडवात घाला, नाहीतर भट्टीत घाला. 1949 च्या दारूबंदी कायद्याला वास एकच आला.

डिसेंबर 2020 मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत तुमच्यावर मतदान झालं. सर्वांत कडक यादीतून तुम्हाला काढायचं का? 27 विरुद्ध 25, आणि भारताचा हात तुमच्या बाजूने वर. त्याच वर्षी वाळल्या मोहफुलांचा हमीभाव किलोला 17 वरून 30 रुपये झाला, तर आम्हाला दिवाळी वाटली. 2021 मध्ये महाराष्ट्राने फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे, नेण्यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे पहाटे उठून टोपली भरणाऱ्या बाईला स्वतः वेचलेलं फूल निर्धास्त घरात ठेवता यावं, यासाठी 1949 पासून बहात्तर वर्षं लागली. 2022 मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने मोहफुलांच्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यायचं ठरवलं. सालेकसा तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नाही आणि विदेशी झालो, बाई.

शेजारच्या गडचिरोलीत पेसा कायद्याने मादक पदार्थांबद्दल ग्रामसभेला बोलायचा अधिकार तरी आहे. पण तो कायदा फक्त अनुसूचित क्षेत्राला, आणि गोंदिया जिल्हा त्यात येतच नाही. गोंडांचं एवढं मोठं तीर्थ इथे आणि अधिकार पलीकडे.

आता चौकशी. अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी तुमच्यापासून केलेलं एक औषध 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलं. आधी रुग्णांवर चाचण्या झाल्या, मात्रा ठरली, अपाय लिहून ठेवले. त्याला माझा दंडवत, त्यात उपरोध नाही. जम्मूत सीएसआयआरचे शास्त्रज्ञही रीतसर लागवड करून औषध शोधत आहेत. पण झोपेपासून कुत्र्याच्या भीतीपर्यंत चालणाऱ्या त्या बाटलीची अशी चाचणी कुणी, किती रुग्णांवर केली? ते बाटलीवर का छापत नाहीत? जागा नसेल तर ‘नैसर्गिक’ हा शब्द काढा, भरपूर जागा होईल.

दुसरं. 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. इतर पिकांना भाव नाही, हे त्याचं कारण. पोलिसांनी अर्जाला प्रसिद्धीचा स्टंट ठरवलं. तुम्हाला बाटलीत भरणारा उद्योजक आणि मातीत लावू पाहणारा नाटकी, हा हिशेब तुम्हाला पटतो का? उद्या माझ्याही फुलांचा अर्क ड्रॉपरमध्ये गेला तर टोपलीवालीला किलोमागे तेच तीस रुपये राहतील का, तेही विचारून ठेवा. तुमच्या ओळखी मोठ्या.

कळावे,
आपला (सध्या विदेशी),
मोह

ता. क. उत्तर कुरिअरने धाडाल तर पाकिटात काय आहे ते विचारतील. पान आहे म्हणा. फूल म्हणू नका.