जावक आहे, आवक नाही

धाराशिव शहरातील एका बँकेच्या शाखेतून रस्त्यापलीकडील दुसऱ्या बँकेच्या शाखेकडे गेल्या दिवाळीपूर्वी रवाना झालेला एक लिफाफा, एप्रिल अर्धा सरत आला तरी, मुक्कामी पोहोचल्याचे वृत्त नाही. दोन्ही शाखांच्या दारांमध्ये एक डांबरी रस्ता, एक चहाची टपरी आणि दुचाक्यांची एक वेडीवाकडी रांग एवढाच काय तो भूप्रदेश आहे. त्यात नदी नाही, घाट नाही, परमुलखाची सरहद्दही नाही. लिफाफ्यात एका निवृत्त गुरुजींचे पीपीएफचे खाते आहे.

गुरुजींची इच्छा माफक होती. जुनी शाखा माडीवर आहे, आणि पाच तारखेपर्यंत जमा झालेल्या रकमेवरच त्या महिन्याचे व्याज मिळते हा नियम मुखोद्गत असल्यामुळे, 2013 साली खाते उघडल्यापासून दर एप्रिलच्या पहिल्या चार दिवसांत, मराठवाड्याच्या उन्हाची तमा न बाळगता, त्यांनी त्या माडीचा जिना चढलेला आहे. गतवर्षीच्या एप्रिलात मात्र गुडघ्यांनी नकार दिला, आणि त्या वर्षाचा भरणा राहून गेला. समोरची बँक तळमजल्यावर आहे, आणि तिच्यात फोनवरूनही भरणा होतो. तेथे दुसरे खाते उघडावे, तर कायदा एका मनुष्यास एकच पीपीएफ खाते ठेवू देतो. सबब जुने खाते उचलून नव्या जागी नेणे एवढाच मार्ग उरला, आणि तशी मुभा नियमांत आहेही. बदलीनंतर खाते सलग चालत आलेले समजावे, असे नियम म्हणतो. नियमाला स्वतः रस्ता ओलांडावा लागत नाही.

खाते म्हणजे अखेर एक आकडा, आणि आकडे हल्ली तारेवरून जातात, असा गुरुजींचा बाळबोध समज होता, व त्याला आधारही होता. कारण त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा याच दोन बँकांच्या दरम्यान, याच दिशेने, पापणी लवण्याच्या आत पार होते. परंतु पीपीएफ सदेह जाते. जुन्या शाखेने खात्याची प्रमाणित नक्कल, खाते उघडतानाचा मूळ अर्ज, नामनिर्देशनाचा कागद, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा डिमांड ड्राफ्ट असा सारा सरंजाम एका लिफाफ्यात कोंबून, शिक्का मारून, जावक बारनिशीत नोंद करून तो टपालाने पाठवावयाचा. नव्या शाखेने तो आवक बारनिशीत रुजू करून घेऊन गुरुजींकडून पुनश्च नवा अर्ज, नवे फोटो आणि नव्या सह्या घ्यावयाच्या. लिफाफा सिद्ध होत असताना गुरुजी समोरच बाकावर बसलेले होते. ते म्हणाले, "माझ्याजवळ द्या की, मी समोर देऊन येतो."

"तुमच्या हातात कसा देता येईल, गुरुजी? गोपनीय असतंय ते."

गुरुजींच्या सहीचा नमुना, गुरुजींनी नेमलेल्या वारसाचे नाव आणि गुरुजींचा पैसा, या तीन गोष्टी गुरुजींपासून गुप्त राखणे प्राप्त होते.

त्यानंतरचा पत्रव्यवहार मौखिक आहे. माडीवर विचारावे, तर जावक बारनिशी उघडून, बोट ठेवून, क्रमांक आणि तारखेसह दाखविण्यात येते, "हे बघा, आमच्याकडून जावक झालंय." खाली उतरून रस्ता ओलांडून विचारावे, तर तितक्याच सौजन्याने सांगण्यात येते, "आमच्याकडं आवक नाही, सर." एकदा मात्र आशा पालवली होती. लिफाफा बहुधा येऊन गेला असावा, पण त्यावरचा शिक्का उस्मानाबाद शाखेचा असल्यामुळे तो परगावचा समजून परत गेला असावा, असा तर्क तळमजल्यावरील एका तरुण कर्मचाऱ्याने मांडला. शहराचे नाव 2023 साली बदलले ही वार्ता साऱ्या देशात पोहोचली. माडीवरच्या रबरी शिक्क्यापर्यंत पोहोचावयास तिलाही बहुधा टपालानेच पाठविले असेल. पुढे तो तर्कही मागे घेण्यात आला, कारण परत गेल्याचीदेखील कोठे नोंद नव्हती.

मी या जावक-आवक प्रकरणावर बरेच चिंतन केले आहे. बारनिशीत जावक क्रमांक पडताच ती वस्तू त्या कचेरीच्या हुकुमतीतून मुक्त होते, आणि आवक क्रमांक पडेपर्यंत ती दुसऱ्या कचेरीच्या लेखी जन्मलेली नसते. म्हणजे या दोन क्रमांकांच्या दरम्यान असा एक मुलूख आहे, की ज्याचा वसूल कोणत्याही तहसिलीत जमा होत नाही, ज्यावर कोणत्याही पोलीस ठाण्याची हद्द चालत नाही, आणि ज्यात मराठवाड्यातील कित्येक सेवापुस्तके, फेरफाराचे अर्ज, निवृत्तिवेतनाची प्रकरणे व पीकविम्याच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. गुरुजींची शिल्लक माडीवरच्या संगणकात शून्य आहे आणि खाते बंद आहे. तळमजल्यावरच्या संगणकात ते खाते नाहीच. मायेला वेदान्त्यांनी सदसद्विलक्षण म्हटले आहे, ती आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. परंतु त्या मायेवर सालिना 7.1 टक्के व्याज मिळावयाचे असते, हा पेच आचार्यांपुढे नव्हता. त्यातच लिफाफ्यातील ड्राफ्टला आयुर्मर्यादा आहे. 2012 च्या एप्रिलपासून धनादेश आणि ड्राफ्ट यांची मुदत तीन महिन्यांची झाली, ती व्यवहार त्वरेने व्हावेत म्हणून झाली असे आपण समजू. आणि गुरुजींचा ड्राफ्ट दिवाळीपूर्वीचा असल्यामुळे तो संक्रांतीच्या आगेमागे, बहुधा टपरीच्या दिशेने तोंड करून, मृत्यू पावला. आता लिफाफा सापडला तरी त्यातून कलेवर निघणार, ते पुन्हा माडीवर न्यावे लागणार, तेथे जुना ड्राफ्ट रद्द करून नवा काढण्यासाठी अर्ज लागणार, त्या अर्जाला जावक क्रमांक पडणार, आणि मग तो नवा ड्राफ्ट, ताज्या तीन महिन्यांचे आयुष्य घेऊन, त्याच रस्त्याच्या काठावर येऊन उभा राहणार.

या जिल्ह्याला दळणवळणाची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक लेखकाने हिंदी महासागरातील व्यापाराचे जे टिपण करून ठेवले, त्यात या तगराचा आदराने उल्लेख आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगराचे साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे व तेथून जहाजावर चढत असे. समुद्रापलीकडच्या त्या परक्या मनुष्याला आमच्या तेरहून माल निघाला की वाटेत किती दिवस लागतात हे ठाऊक होते. धाराशिवच्या माडीवरून निघालेला लिफाफा धाराशिवच्या तळमजल्यावर किती दिवसांत पोहोचतो, हे ती दोन्ही दारे जेथून दिसतात त्या टपरीवर बसलेल्या मनुष्याला सांगता येत नाही. मधल्या दोन हजार वर्षांत बैलगाडी गेली आणि प्रगती झाली.

तथापि माझा खरा राग निराळा आहे. पीपीएफची योजना 1968 साली सुरू झाली तेव्हापासून तिच्यात एक मोठे उदात्त अभय आहे. खातेदाराच्या कोणत्याही कर्जासाठी वा देण्यासाठी या खात्यातील रकमेवर न्यायालयाच्या हुकुमानेही जप्ती आणता येत नाही. सावकार दावा लावो, हुकूमनामा होवो, बेलिफ दारात उभा राहो, हा पैसा अस्पर्श आहे. ज्या पुंजीला हात लावण्याची दिवाणी न्यायालयाची प्राज्ञा नाही, ती पुंजी एक जावक क्रमांक टाकून सहा-सहा महिने अडकवून ठेवता येते. त्याला दावा लागत नाही, साक्षीपुरावा लागत नाही, बेलिफाचा भत्ताही लागत नाही. जप्तीचा निदान पंचनामा होतो. या अवस्थेला कोणत्याही कलमात नाव नाही, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही नाही. गुरुजींनी लेखी तक्रार द्यावयाचे ठरविले, तेव्हा तक्रारीची पोच मागताच समोरच्या गृहस्थांचा चेहरा, कोणी जमीन मागितल्यासारखा झाला. मनुष्याने चाळीस वर्षे खडू झिजवून बाजूला टाकलेला पैसा गहाळ करावयाचा आणि वर त्यालाच "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून जिन्यावरून खाली धाडावयाचे, हा निर्ढावलेपणा आहे. याला ढिसाळपणा म्हणणारा मनुष्य एक तर फार सज्जन आहे किंवा त्या कचेरीत नोकरीस आहे.

आणि मग मार्च आला. पीपीएफच्या खात्यात आर्थिक वर्षात किमान 500 रुपये भरले नाहीत तर खाते खंडित होते, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी राहिलेल्या भरण्याव्यतिरिक्त दर वर्षाचे 50 रुपये दंडादाखल द्यावे लागतात. गुरुजी पैसे घेऊन माडीवर गेले. तेथे खाते बंद होते. खाली आले, तेथे खाते उघडलेले नव्हते. त्या संबंध महिन्यात एक मनुष्य हातात नोटा धरून दोन बँकांना "घ्या" म्हणत होता, आणि दोन्ही बँका, बाहेर बचतीचे महत्त्व सांगणारे फलक टांगून, "कसे घ्यावे" म्हणत होत्या. एप्रिलमध्ये चौकशी करता त्यांना समजावण्यात आले, की लिफाफा मिळाल्यावर नोंदी पाहिल्या जातील, त्यांत सरत्या वर्षाचा भरणा दिसणार नाही, त्यामुळे खाते खंडित ठरेल आणि दंड लागेल. प्रश्न पन्नास रुपयांचा नाही, असे अशा वेळी म्हणण्याचा शिष्टाचार आहे. मी तो पाळणार नाही. प्रश्न पन्नास रुपयांचाच आहे, आणि ते कोणी कोणाला द्यावयाचे हा आहे.

गुरुजी स्वभावाने शिक्षक असल्यामुळे वाद न घालता पन्नासाची नोट काढून काउंटरवर ठेवते झाले. खिडकीतल्या मुलीने मनापासून खंत व्यक्त केली. दंड भरून घ्यावयास आधी खाते क्रमांक लागतो, तो लिफाफा आल्याशिवाय पडत नाही, आणि लिफाफ्याची आवक नाही. सबब दंडाची वसुलीही तूर्त तहकूब आहे.