पाठीवरचा वारा

वृक्षाची मालकी कोणाची हे ठरविणे, महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या इसमास, मुळीच दुष्कर नाही. बुंधा ज्याच्या हद्दीत, वृक्ष त्याचा. आणि हद्दीविषयी तंटा असलाच तर मोजणीदार बोलवावा, पंचनामा करावा आणि उभय पक्षांस पुढची तारीख द्यावी, इतकी ती सरळ बाब आहे. परंतु त्याच वृक्षाचे पान देठापासून सुटून शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर विसावले म्हणजे त्याचा कब्जेदार कोण, ते लोटून तिसऱ्याच्या दारात घालणाऱ्यास अतिक्रमणाचा दोष लागतो किंवा कसे, आणि वाऱ्याने ते मूळ मालकाकडे परत आणल्यास तो फेरफार कोणत्या वहीत नोंदवावा, यांविषयी एकही परिपत्रक माझ्या अवलोकनात आलेले नाही. उल्हासनगर कॅम्प नंबर ३ मधील आमच्या अंगणात देशी बदामाचा जो वृक्ष आहे, तो तळहाताहून मोठ्या आणि गळण्यापूर्वी लालभडक होणाऱ्या आपल्या पानांच्या द्वारे हा प्रश्न वर्षातून दोनदा सबंध गल्लीपुढे उपस्थित करतो.

‘आमच्या अंगणात’ असे म्हटल्यावर कॅम्पातल्या वाचकाच्या भिवया उंचावतील, म्हणून खुलासा करणे प्राप्त आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. २०११ च्या शिरगणतीत पाच लाखांहून अधिक माणसे भरलेल्या, अवघ्या १३ चौरस किलोमीटरांच्या या नगरात मोकळी जमीन ही बांधकामाची केवळ पूर्वावस्था समजली जाते. बराकीपुढे ओटा, ओट्यावर पत्रा, पत्र्याखाली खोली, खोलीवर माळा, आणि माळ्यावर ज्याची सनद दाखवा म्हटल्यास मालक तीर्थयात्रेस निघून जातो असा मजला, हा येथील वास्तुशास्त्राचा अनुक्रम होय. आमचे दहा बाय बारा फुटांचे अंगण या अनुक्रमातून बचावले त्याचे श्रेय आमच्या निरिच्छपणास देता येणार नाही. त्याच्या ऐन मध्यावर हा बदाम उभा आहे आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तो तोडता येत नाही, हे खरे कारण. ती परवानगी मागण्याचा अर्ज वडिलांनी कधीच केला नाही. कारण अर्ज मंजूर झाल्यास खोली बांधावी लागेल, आणि खोली बांधल्यास तीत धाकटे काका सहकुटुंब येऊन राहतील, ही धास्ती त्यांना अखेरपर्यंत होती.

न्यू जर्सी संस्थानात एडिसन नामक गावी माझा भाचा राहतो. एके दिवशी फोनच्या पडद्यावर माझ्या हातातला खराटा पाहून त्याचे अंतःकरण द्रवले. ‘‘मामा, या वयात वाकून झाडता तुम्ही? मी पाठीवरचा ब्लोअर पाठवतो,’’ असे म्हणून तो थांबता तर काही बिघडले नसते. परंतु त्याने पुढे जोडले, ‘‘फक्त कुठला पाठवू ते तुम्ही ठरवा.’’ सरकारी नोकरास एखादी वस्तू नको असू शकते. ती निवडण्याचा अधिकार त्याला नको असल्याचे उदाहरण मात्र इतिहासात सापडणार नाही. त्याच सायंकाळी मी लाल फीत शोधून काढली आणि फाईल उघडली.

फळबागेत औषध मारण्याचा जो पाठीवरचा पंप असतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. मात्र याच्या पोटात औषध नसते, नुसता वारा असतो. पाठीवर इंजिन, इंजिनापुढे पंखा, पंख्यातून निघालेली वळीदार नळी उजव्या काखेखालून पुढे येते आणि तिच्या मुठीवर वेग वाढविण्याचा खटका असतो. भाच्याने सांगितल्याप्रमाणे निवड करताना दोन आकडे पाहावयाचे: दर मिनिटास किती घनफूट वारा निघतो, आणि तो किती वेगाने निघतो. पहिल्याने पानांचा ढीग पुढे सरकतो, दुसऱ्याने जमिनीस चिकटलेले ओले पान सुटते. पुष्कळ गिऱ्हाईक दुसऱ्या आकड्यावर भाळते आणि पहिल्याकडे दुर्लक्ष करते, असा त्याचा अभिप्राय पडला. स्टिल या जर्मन कंपनीचा बीआर ६०० हा मी विचारार्थ घेतलेला पहिला उमेदवार. इंजिन ६४.८ सीसी, पेट्रोल न भरता वजन दहा किलोच्या आतबाहेर, आणि वारा मिनिटाला ६७७ घनफूट. मी आमच्या अंगणाचे क्षेत्र काढून त्यास आठ फूट उंचीच्या भिंतीने गुणले. ९६० घनफूट आले. म्हणजे हे यंत्र अंगणातील यच्चयावत हवा दीड मिनिटाच्या आत पालटू शकते. डॉक्टरांनी सुचविलेल्या हवापालटासाठी आमच्या आजोबांना नेरळहून माथेरान चढून जावे लागले होते.

मोठ्या यंत्रांच्या नळीतून सुटणारा वारा ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाचा असतो, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ वादळाचा वेग याच्या निम्माही नव्हता, आणि तेवढ्यासाठी शासनाने किनाऱ्यावरची गावे रिकामी केली होती. दुसरा उमेदवार हस्कवर्ना कंपनीचा. या कंपनीचा जन्म १६८९ साली स्वीडनमध्ये बंदुका घडविण्याचा कारखाना म्हणून झाला, हे समजताच मला तिच्याविषयी विलक्षण आपुलकी वाटू लागली. कारण लष्करासाठी वसविलेल्या ठाण्यात, अंबरनाथच्या आयुधनिर्माणीच्या इतक्या निकट, शस्त्रकुलोत्पन्न यंत्राला परके वाटण्याचे काही कारण नव्हते.

आवाजाचा मुद्दा मात्र प्रतिकूल होता. यंत्रापासून पन्नास फुटांवर सुमारे ७५ डेसिबल आवाज भरतो, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५५ ची आहे. पन्नास फूट म्हणजे आमच्या गल्लीत पलीकडचे चौथे घर. सबब तक्रारदाराचे नाव व पत्ता आगाऊ निश्चित करता येत होता. तथापि फर्निचरच्या कारखान्यातील करवतींच्या आणि लग्नसराईतील बँडच्या सहवासात वाढलेल्या आमच्या कानांना ७५ डेसिबल ही कुजबूज वाटण्याचा संभवही मी टिपणीत नमूद केला. याच संशोधनात असे आढळले की कॅलिफोर्नियातील कार्मेल गावाने १९७५ सालीच या यंत्रावर बंदी घातली. राजधानी वॉशिंग्टन शहरात २०२२ पासून पेट्रोलवर चालणारे ब्लोअर बंद झाले. आणि २०२४ पासून सबंध कॅलिफोर्नियात अशा लहान पेट्रोल इंजिनांची नवी विक्रीच थांबविली आहे. ही माहिती मी मोठ्या कौतुकाने घरात वाचून दाखविली. सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणूनच पाठवतोय तो.’’ इतकी मुद्देसूद टिपणी आमच्या खात्यात मी सचिवांच्या शेऱ्यातही पाहिली नव्हती.

फाईलीस स्थानिक दरपत्रक जोडावे म्हणून कल्याणास शेतकी अवजारांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण व अदबशीर होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले,

‘‘काका, बाग किती?’’

‘‘दहा बाय बारा.’’

‘‘एकर?’’

‘‘फूट.’’

तो हसला नाही, हे मी त्याच्या संस्काराचे द्योतक मानतो. त्याने माहितीपत्रक हळूच मिटले, दाराआड उभा असलेला खराटा उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘काका, हे बघा. बिनपेट्रोलचं मॉडेल.’’

एवढ्यावर प्रकरण निकालात निघाले असते. पण शेजारच्या शेटजींना त्याचा सुगावा लागला. शेटजींचा धंदा फर्निचरचा, आणि त्यांच्या साडूचे बदलापूरला बारवी धरणाच्या रस्त्यावर शेतघर, तेथे आंबे व जांभळे यांची झाडे आणि ती पाने लोटण्यास खुद्द असलेच यंत्र. ‘‘साईं, अगोदर ट्रायल घ्या,’’ शेटजी म्हणाले. ‘‘पसंत पडलं तर अमेरिकेला फोन कशाला? मी इथेच बनवून देतो, सेम टू सेम.’’ शेटजींच्या शब्दाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. ज्या वस्तूची प्रतिकृती कॅम्पात होऊ शकली नाही अशी वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि तिच्यावरच्या ‘मेड इन यूएसए’ या अक्षरांचा उलगडा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करण्याचा विनोद येथे लहान मुलेही करतात.

रविवारी सकाळी टेम्पोतून यंत्र आले. शेटजींच्या चिरंजीवांनी पेट्रोलमध्ये तेल मिसळले. हे प्रमाण लिटरला वीस मिलिलिटर असावे असे माझ्या फाईलीत स्पष्ट लिहिले होते, पण चिरंजीवांनी ‘‘थोडं जास्त टाकलेलं चांगलं असतं’’ या न्यायाने ते वाढवले. मी कानांत कापूस कोंबला, डोळ्यांवर सुताराचा गॉगल चढविला, तोंडास उपरणे बांधले, पट्टे आवळले. दोरी ओढली गेली आणि यंत्राने एकदा खोकून निळ्या धुराचा एक विस्तीर्ण लोट गल्लीत सोडला.

त्यानंतर जे घडले त्याचा यंत्राच्या गुणावगुणांशी काडीचाही संबंध नाही. गल्लीने एकमुखाने ठरविले की महापालिकेची डासांची धूरफवारणी आली. फटाफट खिडक्या मिटल्या. पापडवाल्या आंटींनी खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवर चादर ओढली आणि चादरीवर स्वतः बसल्या. गल्लीतली पोरे, जणू वरातीतल्या घोड्यामागे धावावे तशी, माझ्या मागे धावू लागली. इकडे अंगणात काय झाले म्हणाल, तर चार भिंतींत कोंडलेल्या वाऱ्याला वाटच न मिळाल्यामुळे बदामाची पाने भिंतीला थडकून वर उठली, पत्र्याच्या उंचीपर्यंत जाऊन एक प्रदक्षिणा घालून निम्मी माझ्याच डोक्यावर उतरली आणि उरलेली शेटजींच्या ओट्यावर रुजू झाली. शेटजींनी ती पायाने सरकवून गल्लीत आणली, आणि मी नळी वळविताच ती आंटींच्या दाराशी जाऊन थांबली. पानांचा असा फेरफार मी हाताने कधीही इतक्या त्वरेने करू शकलो नसतो. घंटागाडीबरोबर येणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून हा सोहळा शांतपणे पाहत होत्या. यंत्र क्षणभर मंदावले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘उडवलं ते बरं केलंत साहेब, पण भरणार कोण?’’ मिनिटाला ६७७ घनफूट वाऱ्याकडे याचे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. पाने अखेर त्यांच्याच टोपलीत, त्यांच्याच खराट्याने गेली, आणि चहा मात्र आम्ही सर्वांनी घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतील एक सद्गृहस्थ धापा टाकीत आले. आमच्याकडे डेंग्यूचे रुग्ण आहेत, फवारणीचे नाव नाही, आणि इथे मात्र रविवारीही येता, असा त्यांचा रोष असावा. कापसामुळे मला ओठांची हालचाल तेवढी दिसत होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. वर ‘प्रति’ होते, मध्ये ‘विषय’ होता, खाली दहा-बारा सह्या होत्या. इतका नमुनेदार अर्ज समोर आल्यावर, पाठीवर दहा किलोंचे इंजिन असो वा नसो, हात आपोआप पुढे जातो. मी गॉगल कपाळावर घेतला, अर्ज साद्यंत वाचला, शेटजींच्या चिरंजीवांची पेन्सिल मागून घेऊन कोपऱ्यात ‘मिळाला’ असा शेरा मारला, खाली तारीख घातली आणि सही केली. सद्गृहस्थांचा राग तत्काळ मावळला. त्यांनी मला नमस्कार केला.

यंत्र त्याच टेम्पोतून बदलापुरास रवाना झाले, जेथे वाऱ्याला जाण्यास जागा आहे आणि पानांची तक्रार करण्यास शेजारी नाही. भाच्यास मी कळविले की उपलब्ध उमेदवारांत बीआर ६०० प्रथम पसंतीचा ठरला असून, सदर यंत्रास साजेसे अंगण मंजूर होताच मागणी नोंदविण्यात येईल. तोवर प्रकरण दप्तरी दाखल. फाईल अर्जासकट लाल फितीत बांधून ठेवली.

ते सद्गृहस्थ मात्र मला हल्ली शिवाजी चौकात भेटतात. ‘‘साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं?’’

‘‘वर पाठवलाय,’’ मी सांगतो. त्यात असत्य काही नाही. आमच्या घरात फायली माळ्यावरच असतात.