हाक्या आणि ओदेणी

गेल्या पंधरवड्यात एका टोलनाक्यावर माझी मोटार अडली असता, खिडकीतील मुलाने 'टॅग रीड होत नाही' या चार शब्दांत जे निवेदन केले, तेच परिभाषाशुद्ध मराठीत करावयाचे तर 'विद्युदणु-प्रतिप्रेषक-अभिज्ञान-वाचकास अभिज्ञापिकेचा बोध होत नाही' असे म्हणावे लागले असते, आणि पूर्णविरामापर्यंत पाठीमागे आणखी सात मोटारी कर्णे वाजवीत उभ्या राहिल्या असत्या. हे नाव कोणत्याही कोशातले नव्हे. रांगेत बसल्या बसल्या मीच रचले. ते एखाद्या समितीत निर्वेध मंजूर होईल, ही मात्र मला खरी धास्ती आहे.

परिभाषा घडविण्याची ही हौस जुनीच. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, तरी 'जकाती'ने मराठीतले आपले वतन सोडले नाही. पण जकात कशाशी खातात, हे त्या कोशकारांना निदान ठाऊक होते. आमचे परिभाषाकार यंत्राकडे पाहतच नाहीत, त्याच्या इंग्रजी नावाकडे पाहतात. वास्तविक टॅग म्हणजे मोटारीच्या काचेवर चिकटविलेली पट्टी, आणि तीत बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी हाक घालते, त्याच लहरींच्या उसन्या शक्तीवर पट्टीतील चिप जागी होते, आणि त्यांचाच काही अंश परतवून आपला क्रमांक कळविते. यात वाचन कसले? आमच्याकडे याला हाकेला ओ देणे म्हणतात. तेव्हा यंत्र तो 'हाक्या' आणि पट्टी ती 'ओदेणी', असे मी सुचवितो. परंतु हे शब्द गुराख्यालाही कळतील, एवढ्या एकाच दोषास्तव ते दप्तरी दाखल होतील, हे मी जाणून आहे.

असो. टॅग चालत नसेल तर दुप्पट आकार द्या, असे मुलाने मला ऐकविले आणि मी तो आकार मुकाट्याने भरला. घरी आल्यावर कळले की, टॅग वैध असून खात्यात शिल्लक असेल आणि बिघाड नाक्यावरील यंत्रात असेल, तर वाहन विनाशुल्क सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा २०१८ चा नियम आहे. ती पावती वाचकांनी, म्हणजे अर्थातच मनुष्यांनी, हक्काने मागून घ्यावी.