सोयीचा बहिरेपणा

गुडघ्याएवढ्या उंचीचा सपाट ओटा दिसला की माणूस त्यावर टेकतो. ‘येथे बसावे’ अशी पाटी कुणी लावलेली नसते. त्याची उंचीच ते सुचवते. रांगत्या बाळाला मात्र तोच ओटा डोंगराएवढा वाटत असणार. वस्तू आणि तिच्यापुढचा जीव यांच्यातल्या या अबोल देवाणघेवाणीला जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ‘अफोर्डन्स’ म्हटलं आणि १९७९च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना निगुतीने उलगडली. त्याच वर्षी ते गेले. खिशातली चकाकती पाटी माणसाला काय काय सुचवील, हे पाहायला राहिले नाहीत. आमच्या आजोबांनी गिब्सन वाचला नव्हता, पण ओटा त्यांना पुरता कळला होता. संध्याकाळी ते तिथे बसत, आणि नकोसा माणूस हाका मारत येताना दिसला की त्यांना नेमकं ऐकू येईनासं होई. त्यांच्या बहिरेपणाला वेळापत्रक होतं. ओटा सगळ्यांना बसू देई; कुणी काय ऐकलं याची नोंद मात्र ठेवत नसे.

व्हॉट्सॲपने ती ठेवायला सुरुवात केली. २०१४च्या नोव्हेंबरात निरोप उघडला की त्याखालच्या दोन करड्या खुणा निळ्या होऊ लागल्या आणि कितीतरी घरांतला सोयीचा बहिरेपणा उघडा पडला. या खुणा बंद करता येतात, पण मग दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. आणि ग्रुपवर तर त्यांच्यापासून सुटकाच नाही. तरी माणसं वाट काढतातच. माझी मावशी मेसेज वरच्या पट्टीतूनच वाचते, त्यावर भाजी फोडणीला टाकते, चहा पिते, उत्तर मनात मुरवते आणि मग सावकाश मेसेज उघडून लिहिते, ‘आत्ताच बघितलं गं.’ ती पट्टी नव्या निरोपाची वर्दी द्यायला होती. तिच्या आडोशाला उभं राहून विचार करता येतो, हे मावशीने शोधून काढलं.

दिवाळीला येणं जमणार नाही असं मी तिला कळवलं, तेव्हा तिच्या नावाखाली ‘टायपिंग’ उगवलं, मावळलं, पुन्हा उगवलं. इतक्या वेळात एखादं लहानसं पत्र झालं असतं. अखेर आलं ते एवढंच : ‘बरं.’ तिने किती वाक्यं लिहून पुसली, ते यंत्राने सांगितलं नाही. ती पुसत होती एवढं मात्र नकळत दाखवून दिलं. रुसवा आणि माया यांची अशी चुळबुळ दिसावी म्हणून काही ती सोय केलेली नव्हती.

निळी खूण सांगते ते इतकंच, की निरोप उघडला गेला. तो कुकरच्या शिट्ट्या मोजताना उघडला की दवाखान्याच्या रांगेत, हे तिला ठाऊक नसतं. तेव्हा उत्तर येईना म्हणून त्या निळाईकडे डोळे लावून बसू नका. सरळ फोन लावा. बोलण्याची सोय त्या यंत्रात अजून शाबूत आहे.