पान सात

माझा आवाज आजवर दोन अक्षरांवर आपटलाय. पहिल्यांदा 'ण'वर. १९७८ साली एका आकाशवाणी केंद्रावर निवेदकाच्या आवाजचाचणीला गेलो होतो. वाचायला दिलेल्या उताऱ्यात पाणी, गाणी, लोणी, आणीबाणी असे शब्द इतके ठासून भरले होते, की तो उतारा खास आम्हा सांगलीकरांसाठीच लिहून घेतला असावा. मी तोऱ्यात 'पानी' म्हणालो, 'गानी' म्हणालो आणि 'आनीबानी'पर्यंत पोचलो तेव्हा काचेपलीकडं चहा आला होता. त्या चहात माझा कप नव्हता.

दुसऱ्यांदा चाळीस वर्षांनी, अमेरिकेत, 'व'वर. इंग्रजीत दोन 'व' आहेत हे शाळेत सांगितलं होतं. ते वेगवेगळे ऐकूही येतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मिनेसोटात मुलाकडं राहायला आलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझे श्रोते अजून तिथंच आहेत. वाचनालयाच्या भिंतीवर एक कागद लावलेला दिसला : मोठ्यानं वाचता येतं का? अंध श्रोत्यांसाठी रेडिओवर स्थानिक पेपर वाचायला माणसं हवीत, पगार नाही. बायको म्हणाली, "अहो, जाच तुम्ही. घरात नाहीतरी तुम्ही मोठ्यानंच वाचता, आणि ऐकत कुणी नसतं."

संयोजक बाईंनी आधी यंत्र दाखवलं. जुन्या काळच्या टिफिनएवढा एक रेडिओ. ज्यांना दिसत नाही, किंवा हात थरथरतात म्हणून पेपर धरता येत नाही, पान उलटता येत नाही, अशांच्या घरी तो फुकट वापरायला देतात. बहुतेकांची नजर म्हातारपणी गेलेली. सत्तरीनंतर ब्रेल शिकायला बोटंही राजी नसतात. या रेडिओवर एकच केंद्र लागतं. दुसरं लावायची सोयच नाही. हे ऐकून मला जो आनंद झाला, तो तोंडावर दिसू नये म्हणून मी खोकलो. चाळीस वर्षं ज्या श्रोत्याची वाट पाहिली, तो अखेर भेटला होता. आवाज बारीक करायचं बटण त्या रेडिओला असतं, हे माझ्या लक्षात उशिरा आलं.

ही सगळी कल्पनाच मिनेसोटातली. राज्याच्या अंधसेवा खात्याचे प्रमुख सी. स्टॅन्ली पॉटर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट वॉटसन यांनी २ जानेवारी १९६९ रोजी 'रेडिओ टॉकिंग बुक' सुरू केलं. असं वाचन करणारा हा पहिला रेडिओ. सुरुवात कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्स विद्यापीठातल्या एफएम केंद्राच्या लहरीवर झाली. लहरीवर म्हणजे अगदी शब्दशः वर. एफएमच्या एका लहरीत नेहमीचा कार्यक्रम असतो आणि त्याच लहरीवर आणखी एक आवाज चढवता येतो. एसटीच्या टपावर बसलेल्या प्रवाशासारखा. साध्या रेडिओला फक्त आतले प्रवासी दिसतात. टपावरचा ऐकायचा तर तो खास रेडिओ लागतो. गाडी तीच, डिझेल तेच, तिकीट नाही. आम्हा सांगलीकरांना हे तंत्रज्ञान समजायला एक मिनिट लागलं नाही.

गंमत म्हणजे त्याच १९६९ साली, अकरा वर्षांचा मी, सांगलीत बिनतारी, बिनलहरीची हीच सेवा चालवत होतो. श्रोता एक. काचबिंदूनं आजोबांचे दोन्ही डोळे नेले होते. रोज सकाळी ओसरीवर ते पेपर ऐकायला बसत. त्यांना सगळा पेपर लागे : कोयनेची पाणीपातळी, निविदा, हरवले-सापडले, आणि शेवटी तळातला मुद्रक-प्रकाशकाचा पत्तासुद्धा. मला विटीदांडूची घाई. मग मी अधूनमधून एखादा परिच्छेद गाळायचो. आजोबा हात वर करायचे. "मंत्री सोलापूरला गेले म्हणालास, आणि लगेच मुंबईत बोलले. मधल्या ओळी खाल्ल्यास." मी गिळलेल्या ओळी परत काढून वाचायचो. ते एवढंच म्हणायचे, "हं. पुढं." शाबासकी नाही, रागही नाही. फक्त पुढं.

तर 'व'. डब्ल्यूचा 'व' आणि व्हीचा 'व' मी आलटून पालटून, न्यायानं वापरत होतो. संयोजक बाईंनी मला समोर बसवून ओठांची कवायत शिकवली. ती मी मनातल्या मनात मराठीत आणली : डब्ल्यू आला की बशीतला चहा फुरकायचा तसा ओठांचा चंबू करायचा. व्ही आला की राग आवरताना खालचा ओठ दातांत धरतात तसा धरायचा. पद्धत अचूक होती. अडचण एकच. वाक्य पळायला लागलं की मी रागाच्या जागी चहा पीत होतो आणि चहाच्या जागी रागावत होतो. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेची साधी बातमी वाचताना माझा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांनी मला पाणी आणून दिलं.

त्यात इथल्या गावांची नावं. जे लिहिलंय ते वाचायचं नाही आणि जे वाचायचं ते लिहिलेलं नाही. मी ज्याला 'एडिना' म्हणालो ते निघालं इडायना. जे 'वेझाटा' म्हणून वाचलं ते वायझेटा. 'माहतोमेडी' नव्हे, माटोमीडाय. यातली वायझेटा, माटोमीडाय ही मूळ डकोटा लोकांची नावं. गोऱ्यांनी ती ऐकली तशी लिहिली, पुढच्यांनी लिहिली तशी वाचली नाहीत. शेवटी मी एक वही केली आणि सगळी नावं देवनागरीत लिहून काढली. नॉर्वेहून आलेल्यांची आडनावं, सोमाली दुकानदार, हमोंग समाजातले शाळकरी खेळाडू, सगळे एकाच रेघेला टांगलेले. माझ्याबरोबर वाचायला एक निवृत्त लुथरन पाद्री असायचे, वय ८१. मी वाचण्याआधी ती वही उघडून ओठ हलवतो, हे ते दोन महिने आदरानं पाहत होते. एक दिवस हळूच म्हणाले, "कुठल्या देवाची प्रार्थना आहे ही?" मी म्हणालो, "जिल्ह्यातल्या हॉकी संघाची."

पहिल्या महिन्यात मी वाचत नव्हतो, सादर करत होतो. गणेशोत्सवातल्या नाटकांचा अनुभव पाठीशी. नगरपालिकेनं बर्फ उपसायच्या यंत्राची खरेदी पुढं ढकलली, ही बातमी मी अशी वाचली की श्रोत्यांनी घराची दारं लावून घेतली असतील. मृत्यूच्या बातम्यांना तर मी कंठ दाटून आणायचो. आपल्याकडं एखादा माणूस गेला की 'त्यांच्यामागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' इथं विषय संपतो. इथं गेलेल्या माणसाला कोणते मासे पकडायला आवडत, पत्त्यांत तो लबाडी कशी करायचा, हेही छापतात. कधीकधी मागं राहिलेल्यांत कुत्र्याचंही नाव असतं. एका गृहस्थांच्या मांजरापाशी आलो आणि मला खरोखरच हुंदका आला.

कार्यक्रम संपल्यावर संयोजक बाई हसून म्हणाल्या, "तुमचं वाचन जरा वेगळं आहे." मी तरंगत घरी आलो. रात्री जेवताना मुलाला सांगितलं, तर त्यानं चमचा खाली ठेवला. "बाबा, मिनेसोटात 'वेगळं' म्हणजे वाईट. याहून वाईट शब्द इथं बोलायची पद्धत नाही." आमच्या पुण्याच्या मेव्हण्यानं हेच मत लेखी, तारीख घालून कळवलं असतं. ते पचायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवांनी मृत्युवार्ता वाचल्या. सपाट, संथ, प्रत्येक नावाला तेवढाच वेळ. त्यातल्या निम्म्यांची लग्नं त्यांनीच लावलेली होती. कुठंही आवाज हलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "रडायचं की नाही, ते घरी बसलेल्याला ठरवू द्यावं."

नियम तोच आहे. आपलं मत घालायचं नाही, उसासा टाकायचा नाही, हसायचं नाही. हे सगळ्यात जड जातं ते पाककृती वाचताना. इथं 'हॉटडिश' नावाचा एक प्रकार करतात : खिमा, डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्या, आणि सगळं भट्टीत. कृतीत मसाला म्हणून मीठ आणि मिरपूड, आणि मिरपुडीपुढं 'आवडत असल्यास'. कांदा-लसूण मसाल्याच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं हे निर्विकारपणे वाचायचं, याला तपश्चर्या लागते.

चित्रकथा हा आणखी अवघड प्रकार. पेपरातली चित्रंही आम्ही वाचतो, म्हणजे चौकटीत काय दिसतं ते सांगतो. 'पीनट्स'चे चार्ल्स शुल्झ मिनियापोलिसला जन्मले, सेंट पॉलला वाढले. घरचाच माणूस. त्यांचा स्नूपी गाळला तर लोक बोलायचे थांबतील. पण स्नूपी पडला आळशी. "पहिली चौकट. कुत्रा आपल्या घराच्या छपरावर उताणा झोपला आहे. दुसरी चौकट. कुत्रा झोपलेला आहे. तिसरी चौकट." इथं मी थांबलो. काय सांगणार? "अजूनही." स्टुडिओबाहेरून बाई हसताना दिसल्या. दोन वर्षांत लोकांना माझं सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच, आणि त्यात ना डब्ल्यू होता ना व्ही.

माझं खरं राज्य मात्र जाहिरातींत. वाणसामानाच्या दुकानांचे आठवड्याचे भाव आम्ही सगळे वाचतो. मला आधी वाटलं, वेळ भरायला असेल. तसं नव्हतं. संपादकीय चुकलं तर कुणी फोन करत नाही. कोंबडीचा भाव चुकला तर तीन फोन येतात. ज्याला दुकानातली पाटी वाचता येत नाही, त्याला भाव आधी कळला नाही तर तो दुसऱ्यानं सांगितलेला भाव मुकाट्यानं देतो. मला या कामाची तालीम लहानपणीच मिळाली होती. रेडिओवर बाजारभाव लागायचे, ते संथ, एका लयीत : माल, वजन, किमान, कमाल. आमच्याकडं हळदीचे भाव लोक अभंगासारखे ऐकायचे. मी त्याच चालीवर वाचायला लागलो. बटाटे, पाच पौंडांची पिशवी, एवढे एवढे. मका, कणसं सहा, एवढे एवढे. पहिल्यांदाच कुणी 'वेगळं' म्हणालं नाही.

मराठीत वाचायची हौस मात्र उरलीच. नागपूरला स्थायिक झालेल्या पुतण्यानं कळवलं, की तिथं २०२२ पासून 'रेडिओ अक्ष' हा अंध श्रोत्यांसाठीचा इंटरनेट रेडिओ आहे. मी त्याला जुनी जखम दाखवली, 'ण'ची. तो म्हणाला, "याच काका तुम्ही. आमच्याकडंही बाजारात पानीच म्हनतात." अजून विचारलेलं नाही. एकदा आपटलेला माणूस दारापर्यंत जातो, कडी वाजवत नाही.

मागच्या फेब्रुवारीत उणे २८ अंश होतं. सेल्सिअस. पाद्रीबुवांची गाडी सुरू झाली नाही, म्हणून तासभर मी एकटाच वाचत होतो. पेपर जाड, घसा कोरडा, घड्याळ पुढं. पान सात उघडलं तर एका गालिच्याच्या दुकानाची पानभर जाहिरात. चौरस फुटाचे भाव, रंगांची नावं, हप्त्यांच्या अटी, तळाला मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. मी इकडंतिकडं पाहिलं. बाई बाहेर बर्फ झाडत होत्या. मी पान सहा संपवलं, शांतपणे म्हणालो, "पान आठ," आणि वाचायला लागलो. अकरा वर्षांचा असताना जी धडधड व्हायची, अगदी तीच झाली.

कार्यक्रम संपून टोपी घालतोय, तोवर फोन वाजला. पलीकडं एक आजीबाई, आवाज कातर पण हिशेबी.

"आज सहानंतर आठ कसं आलं?"

मी म्हणालो, सात नंबरच्या पानावर बातमी नव्हती. जाहिरात होती, गालिच्यांची. तुम्हाला घ्यायचा आहे का गालिचा?

"छे. माझ्या घरात लाकडी जमीन आहे."

मग थोडा वेळ दोन्हीकडं शांतता. तिच्या घरातला आमचा रेडिओ मला फोनवरून ऐकू येत होता; सेंट पॉलहून कुणीतरी कादंबरी वाचत होतं. आजीबाईंनी तो बारीक केला.

मी टोपी काढली, हातमोजे काढले, कचऱ्याच्या डब्यातून पान सात काढलं, मांडीवर सरळ केलं. वरून सुरुवात केली : दुकानाचं नाव, पत्ता, वेळ. रंगांपाशी आलो. वॉलनट, वाइन, व्हायोलेट, विलो, व्हॅनिला. चहा, चहा, राग, चहा, राग.

"हं," ती म्हणाली. "पुढं."