वाघ किती एमएमचा?

वन्यजीव छायाचित्रणासाठी जंगल, प्राणी आणि संयम लागतो, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ईएमआय भरलेला नव्हता. आजचा क्रम निराळा आहे. आधी लेन्स, मग लेन्स मावेल अशी बॅग, मग ती बॅग घेऊन जाता येईल असं जंगल. वाघ या क्रमात बराच खाली येतो, आणि तोही आला तर.

तेव्हा खरा निर्णय एकच : किती एमएम? या क्षेत्रात तुमचं आडनाव, गाव, नोकरी यांत कुणाला रस नसतो. ताडोब्याच्या मोहर्ली गेटबाहेर पहाटे चहा घेताना शेजारचा माणूस तुमच्या बॅगेकडे बघतो आणि "किती?" एवढंच विचारतो. "सहाशे" म्हणालात, तर तो बिस्किटाचा पुडा पुढे करतो. "तीनशे" म्हणालात, तर "चांगली आहे, सुरुवातीला" असं म्हणून आपल्या चहाकडे वळतो. "आम्ही आपले नुसते डोळ्यांनी बघायला आलोय" असं सांगणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन नाही. त्यांना वाघ दिसतो.

खरेदीआधी घरची मंजुरी घ्यावी. ६०० एमएम एफ/४ ही लेन्स कॅनन, निकॉन, सोनी यांपैकी कुणाचीही नवी घेतली, तरी आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. मात्र घरी खोटं अजिबात बोलू नये. "सहाशेची घेतली" असं सांगावं. वाक्य शब्दशः खरं आहे आणि त्यावर फार तर "एवढ्यात बरी मिळाली" असं उत्तर येईल. घरात विज्ञान शाखेचं कुणी असेल, तर मात्र सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० झूम घ्यावी. ती लाखाच्या आसपास मिळते, आणि "सहाशे" हा शब्द चहाच्या टपरीवर तिच्या जोरावरही उच्चारता येतो. पुढचा प्रश्न "प्राइम की झूम?" असा आलाच, तर गाइड हाक मारतोय असं दाखवून उठावं.

आता गणित. ते सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या एमएमने, भागायचं आणि आलेल्या आकड्याला प्राण्याच्या मीटरमधल्या अंतराने गुणायचं. जेवढं उत्तर येईल तेवढ्या मीटर रुंदीचा तुकडा तुमच्या चौकटीत मावतो. म्हणजे ५० मीटरवरच्या वाघाला ६०० एमएम लावली, तर ३ मीटरचा तुकडा. पूर्ण वाढलेला नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटरच्या घरात असतो. आडवा उभा राहिला तर तंतोतंत बसला. ही लेन्स ५० मीटरवरच्या वाघासाठीच बनवली असावी, असं वाटायला लावणारा हा योग आहे.

आता राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडे वळू. त्यांच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांची गाडी वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर लांब हवी. त्या अंतरावर ६०० एमएममध्ये १ मीटर २० सेंटिमीटर मावतात, म्हणजे डोकं, खांदे आणि थोडं पोट. ४०० लावली तर १ मीटर ८० सेंटिमीटर. वाघ आला, शेपूट बाहेर. ३०० लावली तर २ मीटर ४० सेंटिमीटर. वाघ आला, शेपूटही बरीचशी आली. २०० लावली तर ३ मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे वाघ, शेपूट आणि भोवतीचा थोडा बांबू. याचा अर्थ असा की, नियमाच्या रेषेवर गाडी उभी असेल, तर टपरीवर ज्याला कुणी बिस्किट विचारलं नाही त्या तीनशेवाल्याचाच फोटो सगळ्यात चांगला येतो. आणि सहाशेवाल्याने ५० मीटरवरच थांबावं, म्हणजे त्याच्या दहा लाखांचं चीज होईल.

प्रत्यक्षात काय होतं, ते इच्छुकांनी नीट लक्षात घ्यावं, कारण प्रात्यक्षिकाचे गुण जास्त असतात. वाघ ५० मीटरवर दिसतो. सहाशेवाला जिप्सीच्या सीटवर उभा राहतो आणि चालकाच्या खांद्यावर थाप मारतो. "भाऊ, थोडं पुढं घ्या ना." चालक म्हणतो, "नाही जी, नियम आहे." "अहो थोडंच." गाडी थोडीच पुढे जाते. मागच्या गाडीत चारशेवाला असतो. त्याला पुढच्या गाडीतल्या सहाशेवाल्याचा हूड आडवा येतो, म्हणून तोही थोडंच पुढे घ्यायला लावतो. असं थोडं-थोडं करत अंतर ८ मीटरवर येतं. आठ मीटरवर ६०० एमएमच्या चौकटीत ४८ सेंटिमीटर मावतात. वाघाचं तोंड. मग वाघ गाडीच्या बाजूनं रस्ता ओलांडायला निघतो आणि सहाशेवाला ओरडतो, "मागं घ्या, मागं घ्या, कान कापले जातायत!" मागं तोवर आणखी जिप्सी लागलेल्या असतात. दूरचं जवळ आणणारं यंत्र घेऊन जो माणूस स्वतःच जवळ जातो, त्याला या शास्त्रात प्रगत साधक म्हणतात.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात असे प्रगत साधक मोठ्या संख्येने जमले होते. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या मधे अडकले. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. "थोडं पुढं घ्या" असं म्हणणं कुणाच्या नोंदवहीत येत नाही. तांत्रिक बाजूने पाहिलं, तर अशा वेळी योग्य फोकल लेंग्थ २४ एमएम. ती प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि तिच्यासाठी ईएमआय वेगळा लागत नाही.

ज्यांना सहाशे परवडत नाही, त्यांना क्रॉप सेन्सरचा कॅमेरा घेऊन ४०० ची ६०० करता येते, असं दुकानदार सांगतो. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून निकॉन-सोनीत दीडपट आणि कॅननमध्ये एक पूर्णांक सहा पट. खरं तर वाघ तेवढाच लांब राहतो आणि चित्राच्या कडा तेवढ्या कापल्या जातात. तेच काम घरी संगणकावरही होतं. फरक एवढाच की, लहान जागेत पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असले, तर पिसं आणि केस थोडे अधिक स्पष्ट निघू शकतात. हे टपरीवर समजावून सांगू नये. तिथे "इफेक्टिव्ह सहाशे" म्हणावं; "इफेक्टिव्ह" हळू आणि "सहाशे" मोठ्याने.

दुसरी पळवाट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे टीसी. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे हा डबीएवढा तुकडा बसवला की ६०० चे ८४० होतात, दोनपटवाला बसवला की १२००. बदल्यात १.४ वाला एक स्टॉप प्रकाश खातो आणि दोनपटवाला दोन. एफ/४ ची एफ/८ होते. एफ/६.३ च्या झूमला दोनपट टीसी लावला, तर बहुतेक डीएसएलआर फोकस शोधत पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतात. त्या आवाजावरून अनुभवी गाइड गाडीत टीसी आहे हे ओळखतो.

प्रकाशाची बाब आली म्हणून सांगतो, दहा लाख आणि एक लाख यांतला खरा फरक एमएममध्ये नाहीच. दोन्ही सहाशेच. फरक भिंगाच्या तोंडाचा. ६०० ला ४ ने भागा, १५० मिलिमीटर येतात. म्हणजे पुढचं भिंग एका फुलक्याएवढं. एफ/६.३ च्या झूमला ते शंभराच्याही आत. मोठं भिंग जवळपास अडीचपट प्रकाश आत घेतं. सकाळी साडेसहाला, सागाच्या दाट सावलीत वाघ चालत असताना, या अडीचपटीवर फोटो ठरतो. एमएमवर भांडणारे लोक एफबद्दल बोलत नाहीत, कारण एफ जितका लहान तितका भारी, आणि लहान आकडा सांगून रुबाब पडत नाही.

तरी एवढं सगळं करून लोक ताडोब्याला जातात मे महिन्यात. पाणवठे आटलेले असतात, वाघ पाण्यावर येतो, हे खरं. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांना हात लावतो आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते. लांब लेन्स वाघाबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवते. नऊ-साडेनऊनंतर १५० मीटरवरच्या वाघाचा फोटो कुठल्याही लेन्सने काढा, पट्टे विरघळल्यासारखे दिसतात. यावर इलाज नाही. लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात. दुरुस्तीवाला ती पुसून परत देतो आणि पुढच्या सफारीला, डिसेंबरात, फोटो सुरेख येतात.

वजनाबद्दल इच्छुक उगाच घाबरतात. हल्लीची ६०० एफ/४ साधारण तीन किलोची आहे. जुनी पाचाच्या वर होती. मुंबई-नागपूर विमानात हातात सात किलो नेता येतात. लेन्स, कॅमेरा आणि बॅग मिळून ते भरतात, तेव्हा घालायचे कपडे अंगावरच न्यावेत, एकावर एक. जंगलात जिप्सीमध्ये ट्रायपॉड उघडायला जागा नसते, म्हणून बीन बॅग लागते. ती रिकामी न्यावी आणि चंद्रपुरात तांदूळ किंवा हरभऱ्याने भरावी. हाताने धरायचीच असेल, तर शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागाइतका वेगवान ठेवा, असा जुना संकेत आहे. लेन्समधल्या स्थिरीकरणामुळे त्यात बरीच सूट मिळते. शेजारच्या सीटवरचा माणूस "कुठं? कुठं?" करत उठतो, त्या हादऱ्यावर मात्र अजून कुठल्या कंपनीने काही काढलेलं नाही.

पांढऱ्या लेन्सवर झाडापानांच्या छापाचं कव्हर घालावं की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लेन्स उन्हात तापू नये म्हणून पांढरी रंगवलेली असते. तिच्यावर हिरवं-तपकिरी कव्हर चढवलं की रंगाचे पैसे वाया. वाघाला फसवण्याचा उद्देश असेल, तर आधी पेट्रोलचा वास, सहा पर्यटक आणि चिप्सच्या पिशवीची कुरकुर यांना कव्हर घालावं.

पक्ष्यांचं शास्त्र वेगळं. इथे सहाशे खरोखरच लागते, म्हणून इथे तिचं कौतुक होत नाही. दहा मीटरवरचा सूर्यपक्षी बोटाएवढा, आणि ६०० च्या चौकटीतही तो जेमतेम सहावा भाग व्यापतो. सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या ओढ्याकडे रविवारी सकाळी लेन्सांची रांग लागते, तिच्यात सहाशे म्हणजे सामान्य जनता. पण इथेही स्वर्गीय नर्तकाचा नर सहा मीटरवर येऊन बसला की पंचाईत होते. चौकटीत ३६ सेंटिमीटर मावतात आणि पांढरी शेपूट धरून तो त्याहून लांब भरतो. भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उठला, की सहाशेत एका पक्ष्याचे पाय येतात, कधी दोघांचे एकेक. तिथे होडीत बसून २०० लावावी, आणि थवा आपणहून उठेपर्यंत थांबावं. होडीवाल्याला "जरा आत घ्या" म्हणणारे ताडोब्याहूनच आलेले असतात.

माळढोकासाठी किती एमएम, असं सोलापूरकडचे काही जण विचारतात. पक्षी मीटरभर उंचीचा, माळ मोकळा, ५० मीटरवरून ४०० पुरेल. गणितात चूक नाही. नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्यही झालं. अडचण एवढीच की, देशात उरलेले बहुतेक माळढोक आता राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत. तेवढ्या पल्ल्याची लेन्स बाजारात नाही. कॅननने १९९३ मध्ये १२०० एमएम एफ/५.६ काढली होती, साडेसोळा किलोची. नान्नजहून तीही कमीच पडली असती.

शेवटी देखभाल आणि विल्हेवाट. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर बंद असतो. या काळात मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते, म्हणून लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "आमच्या खोलीत ओल येते" अशी तक्रार केल्यास कॅबिनेटला कुलूप लावावं.

दोन-तीन पावसाळ्यांनंतर लेन्स विकायला काढाल, तेव्हा जाहिरातीत "हौशी वापर, बुरशी नाही, ओरखडा नाही, बीन बॅग मोफत, तांदूळ वेगळे" एवढं पुरे. विकण्याचं कारण "अपग्रेड" असं लिहावं. गिऱ्हाईक शक्यतो नवशिका बघावा. जाणता गिऱ्हाईक लेन्स हातात घेण्याआधी तुम्हालाच मान डावीकडे वळवून दाखवायला सांगतो. ती वळली नाही, की लेन्सने पुष्कळ जंगलं पाहिली आहेत हे त्याला कळतं, आणि तो दहा हजार कमी करतो.