खोल समुद्रातला हेडक्लार्क

ट्यूनाच्या मागे खोल समुद्रात जाणारा अमेरिकन हौशी मासेमार लांबून अस्सल दर्यावर्दी वाटतो. रापलेली कातडी, डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला रॉड टेकवायचा पट्टा, आणि बोलणं असं की अख्खा अटलांटिक याच्याच सातबाऱ्यावर चढलेला आहे. माझ्या मते मात्र हा हाडाचा कारकून असतो. न्यू जर्सीहून हडसन कॅन्यनकडे, म्हणजे शंभरएक मैल आत, निघायच्या आदल्या रात्री त्याला पाहावं. समोर उपग्रहाने टिपलेले पाण्याच्या तापमानाचे नकाशे. गरम आणि गार पाणी जिथे भिडतं ती रेघ तो शोधत असतो, कारण तिथे बारीक मासळी जमते आणि तिच्या वासावर ट्यूना येतो. मग डिझेलचा हिशेब, वाऱ्याचा अंदाज, कुठल्या रिळावर किती पौंडांची दोरी याची यादी. घरच्या विजेचं बिल थकवणारा हा गृहस्थ गेल्या ऑगस्टमधल्या पाण्याचं तापमान दशांशासकट सांगतो.

ही वृत्ती आजच्या यंत्रांनी आणलेली नाही, घराण्यातच आहे. कॅलिफोर्नियासमोरच्या कॅटलिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ साली रॉड-रिळावर १८३ पौंडांचा ट्यूना काढला. दुसऱ्या कोणी जेवणावळ घातली असती. यांनी संस्था काढली. अ‍ॅव्हलॉनच्या या ट्यूना क्लबने ठरवून दिलेल्या दोरीवर शंभर पौंडांवरचा ट्यूना काढला की निळं बटण मिळायचं, आणि त्या बटणासाठी भले भले लक्षाधीश उन्हात तासन्‌तास झिजायचे. कादंबरीकार झेन ग्रे तर याच क्लबात वजनावरून अडचणीत आले. एका किरकोळ अंगाच्या बाईंनी त्यांच्यापेक्षा मोठा तलवारमासा काढला, ग्रेंनी शंका घेतली, आणि प्रकरण त्यांनी क्लब सोडण्यापर्यंत गेलं. सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून कचेरीत होतं ते याहून वेगळं काय असतं? पुढे १९३९ मध्ये हौशी मासेमारीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नियमावलीला जगाचं अंगण मिळालं. मासा गळाला लागल्यापासून हाती येईपर्यंत रॉडला, रिळाला, दोरीला दुसऱ्याचा हात लागला की विक्रम बाद. वजन हवं ते जमिनीवर, प्रमाणित काट्यावर. अर्जासोबत दोरीचा नमुना. सही तेवढी माशाकडून घेत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, अहो, तो खाण्यासाठी जातो. खातोही, आणि चवीने खातो. पण डिझेलचा खर्च धरला तर तो घास बाजारातून आणलेलाच स्वस्त पडावा, आणि विकून भरपाई करावी म्हटलं तर हौशी परवान्यावर धरलेला ट्यूना अमेरिकेत विकता येत नाही. अटलांटिकचा ब्लूफिन ट्यूना किनाऱ्यावर आणला की चोवीस तासांत त्याची नोंद सरकारला द्यावी लागते. सरकारने सक्ती केली नसती तरी याने ती दिलीच असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारकुनाला एवढी मेहनत कशी झेपेल? ब्लूफिन शरीराची उष्णता स्नायूंत राखून ठेवतो, म्हणून गार पाण्यातही त्याचा जोर ओसरत नाही. मार्लिनसारख्या उड्या मारून तो दमतही नाही; सरळ खोल जातो आणि वर यायला नकार देतो. पाठ, खांदे, मनगटं यांची वाट लागते, हे मी बिनशर्त मान्य करतो. बोट सांभाळणारा कप्तान निम्मं श्रेय मागू शकतो, तेही मान्य. पण एवढं सोसून धक्क्यावर आलेल्या माणसाला लोक काय विचारतात? किती पौंड? १९७९ मध्ये नोव्हा स्कोशियात केन फ्रेझर यांनी काढलेला ब्लूफिन १४९६ पौंडांचा होता, म्हणजे सुमारे ६७९ किलो. त्या दिवशी समुद्र कसा होता हे कोणी सांगत नाही; आकडा मात्र या जमातीत पोरासोरांनाही पाठ.

राहिले मासा पुन्हा पाण्यात सोडणारे. त्यांना तरी या आस्थापनेतून वगळावं, असं वाटतं खरं. पण त्यांच्याकडेही सूत्र आहे: घेराचा वर्ग गुणिले लांबी, मापं इंचांत, भागिले ८००, की आलं वजन पौंडांत. मासा गेला, नोंद राहिली. दोरी तोडून पळालेल्या माशाचं वजनसुद्धा हा हौशी मासेमार तीन आकडी सांगतो. फक्त वहीत त्यापुढे कंसात ‘अंदाजे’ लिहायला चुकत नाही.